वाचताना अडतं कुठं?

"बाई, घरी धडा अगदी घडाघडा वाचतो हो! मग शाळेतून तक्रार का येते?" शिरूरच्या एका आईनं मला विचारलं. मुलगा चौथीतला. मी तोच धडा उघडला आणि शेवटच्या ओळीतल्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. झालं! स्वारी गप्प. धडा त्याला पाठ होता, वाचता येत नव्हता.

मैत्रिणींनो, अशा वेळी आपण काय करतो? 'ढ' म्हणतो, शेजारच्या मुलीचं उदाहरण देतो, नाहीतर तोच धडा दहादा वाचायला बसवतो. त्यानं धडा आणखी पक्का पाठ होतो, एवढंच! आणि मूल आपली उणीव लपवायला शिकतं. पाचवीपासून इतिहास, विज्ञान, गणितातली उदाहरणंसुद्धा स्वतः वाचून समजून घ्यावी लागतात. तिथं पाठांतर किती पुरणार?

हे दुखणं तुमच्या एकटीच्या घरचं नाही. 'असर'च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचणारी मुलं २०१८ साली शंभरात सुमारे ५० होती. कोरोनानंतर, २०२२ मध्ये, ती ४३ वर आली.

या पाहणीची रीत मात्र घरी उपयोगी पडते. अक्षर, शब्द, छोटा उतारा आणि गोष्ट अशा चार पायऱ्या. न पाहिलेला मजकूर समोर ठेवा. मूल जिथं अडेल, त्याच्या एक पायरी खाली या आणि तिथून सुरुवात करा.

बहुतेकांचं घोडं स्वरचिन्हांवर अडतं. आपल्या गावांचीच नावं घ्या ना! 'शिरूर'मधली पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी, पण उच्चारायची नंतर. 'रू'चा उकार पायाशी नाही, पोटाशी. 'दौंड'मध्ये काना, दोन मात्रा आणि वर अनुस्वार! मोठ्यांना सोपं वाटतं, मुलाची मात्र त्रेधा उडते.

फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था सुरू केली. सगळी मुळाक्षरं पाठ होईपर्यंत थांबायचं नाही, थोडी अक्षरं आणि एकदोन चिन्हं घेऊन लगेच अर्थाचे शब्द वाचायचे, ही तिथली वाट. आपणही म, र, क, न आणि काना एवढ्यावर 'मान', 'नाक', 'कान', 'मार', 'कमान' करू शकतो. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागच्या कागदाच्या चिठ्ठ्या करा, खर्च शून्य!

रोज पंधरा मिनिटं पुरे. आधी तुम्ही वाचा, मग दोघं मिळून, मग तो एकटा. 'पाणी'ला 'पानी' म्हणाला तर लगेच टोकू नका. अर्थ कळलाय ना? फळ्यावरचं दिसत नसेल, तर डोळेही तपासून घ्या. आणि हो, पाहुण्यांसमोर वाचायला लावू नका.

त्या मुलाला आम्ही पुन्हा शब्दांवर आणलं. आईला आधी कमीपणा वाटला. पण दिवाळीत मावशीकडे निघाले, तेव्हा शिरूरच्या स्टँडवर त्यानं पाटीवर बोट फिरवत सावकाश वाचलं, "दौं...ड. आई, हीच आपली गाडी!" यंदा कुणी त्याला पढवलं नव्हतं, बरं का!