कर्जतची रानभाजी आणि आफ्रिकेचे कालवण

जगातील बहुतेक शेतकरी समाजांच्या जेवणाचे दोन भाग पडतात. पहिला भाग एखाद्या धान्याचा किंवा कंदाचा असतो. तो चवीला मवाळ असतो, पोट भरतो आणि ताटातील बहुतेक जागा व्यापतो. दुसरा भाग मोजका, ओलसर आणि चवदार असतो, आणि त्याच्या आधाराने पहिल्या भागाचे घास घशाखाली उतरतात. भाकरी-भाताबरोबर येणाऱ्या या दुसऱ्या भागाला मराठीत प्रदेशपरत्वे कोरड्यास, कालवण, तोंडीलावणे अशी नावे आहेत. ऑड्री रिचर्ड्स या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९३०च्या दशकात आजच्या झांबियातील बेम्बा लोकांच्या आहाराचा अभ्यास केला आणि १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या दुभागी रचनेचे बारकाईने वर्णन केले. पुढे सिडनी मिंट्झ या अमेरिकी अभ्यासकाने १९८५ च्या आपल्या साखरेवरील ग्रंथात त्याच निरीक्षणाच्या आधारे जगातील अनेक कृषिसमाजांच्या जेवणाला लागू पडणारी मांडणी केली. बेम्बांचे मुख्य अन्न त्या काळी मक्याचे नव्हते, तर नाचणीच्या पिठाच्या घट्ट उकडीचे होते आणि ही उकड पोटात गेल्याशिवाय बेम्बा माणूस आपण जेवलो असे मानत नसे, ही गोष्ट कोकणातील वाचकाला विशेष जवळची वाटेल.

बेम्बा ही बांतू भाषा बोलणाऱ्या शेकडो जमातींपैकी एक. बांतू हे भाषाकुलाचे नाव असून त्यात सुमारे पाचशे भाषा येतात. आजच्या कॅमेरून-नायजेरिया सीमेलगतच्या प्रदेशातून सुमारे चार-पाच हजार वर्षांपूर्वी या भाषा बोलणारे शेतकरी पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे पसरू लागले आणि पुढील काही सहस्रकांत केनियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतचा प्रचंड भूभाग त्यांनी वसवला. एवढ्या मोठ्या प्रदेशात हवामान, पिके आणि भाषा बदलत गेल्या, तरी जेवणाची घडण मात्र ओळखू येण्याइतकी सारखी राहिली. केनिया-टांझानियात उगाली, झांबिया-मलावीत न्शिमा आणि झिंबाब्वेत सादझा या नावांनी ओळखली जाणारी घट्ट उकड उजव्या हाताने तोडायची, तिचा गोळा करून अंगठ्याने त्यात खळगा पाडायचा आणि त्या खळग्यात कालवण उचलायचे, ही पद्धत सर्वत्र आढळते.

या कालवणांपैकी एक गोमांस आणि पालेभाजी यांचे. झिंबाब्वेतील शोना घरांत हाडासकट मांसाचे तुकडे मंद आचेवर दीर्घकाळ शिजवतात, त्यात कांदा आणि टोमॅटो घालतात आणि मांस मऊ झाल्यावर मोहरीचा, भोपळ्याचा किंवा कोबीवर्गीय भाज्यांचा चिरलेला पाला त्यात सोडतात. परंतु गोमांस हे तेथील रोजचे अन्न आहे असा समज चुकीचा ठरेल. गुरे ही तेथे संपत्ती मानली जातात. लग्नात वराकडून वधूच्या कुटुंबाला गुरे दिली जातात आणि लग्न, मर्तिक किंवा मोठा सण आल्याखेरीज ती सहसा कापली जात नाहीत. बेम्बांच्या प्रदेशात तर त्सेत्से माशीमुळे गुरांना जीवघेणा रोग होत असल्याने गुरे जवळजवळ पाळलीच जात नसत. म्हणून बहुसंख्य घरांत बहुतेक दिवशी हंडीत प्रत्यक्षात असतो तो पाला: राजगिरा-माठाच्या कुळातील म्चिचा, चवळीची कोवळी पाने, भोपळ्याची पाने, कसाव्याची पाने, आणि मांसाची जागा घेते ती कापेन्टा, मातेम्बा, डागा अशा नावांची, तळ्यांत सापडणारी आणि उन्हात वाळवलेली बारीक मासळी. मूठभर सुकी मासळी आणि टोपलीभर पाला हेच बांतू आफ्रिकेचे खरे नित्याचे कालवण आहे.

नेमकी हीच जोडी रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागात, कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, पावसाळाभर चुलीवर असते. कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कडाव, त्यापुढील कशेळे आणि भीमाशंकरच्या डोंगरउतारापर्यंत पसरलेल्या वाड्यांत ठाकर, कातकरी, महादेव कोळी, आगरी आणि कुणबी समाज शेजारी शेजारी राहतात. पहिला पाऊस पडला की येथील माळावर आणि रानात टाकळा, कुर्डू, कवळा, भारंगी, फोडशी आणि बांबूचे कोवळे कोंब उगवतात, आणि त्यांच्याबरोबर हंडीत जातो तो जवळा, सुकट किंवा सुका बोंबील. या मेळामागे ऋतूचे गणित आहे. राज्याच्या सागरी जलधिक्षेत्रात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते आणि ही बंदी येण्यापूर्वीच्या काळातही खवळलेल्या समुद्रामुळे पावसाळ्यात ताजी मासळी दुर्मीळच असे; त्यामुळे अलिबाग-उरणच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात वाळवलेली मासळी घाटपायथ्याच्या गावांत आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, बेगमी म्हणून भरून ठेवली जाते. समुद्र बंद होतो त्याच सुमारास रान उघडते, आणि किनारा व डोंगर यांची भेट चुलीवर होते. याशिवाय पहिल्या पुरात ओढ्यांतून उलट चढणारे वळगणीचे मासे, शेतातील खेकडे आणि कातकऱ्यांच्या घरी शेतातले उंदीर हेही याच हंडीचे भाग आहेत. जो प्राणी ज्या जागी आणि ज्या ऋतूत मिळतो तो थोडका घ्यावा आणि पाल्याच्या आधाराने सर्व घराला पुरवावा, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

या स्वयंपाकातील कौशल्य समजून घ्यायचे तर शेवळांचे उदाहरण पुरेसे आहे. शेवळे म्हणजे सुरणाच्या कुळातील एका रानटी वनस्पतीचा, पावसाच्या तोंडावर जमिनीतून थेट वर येणारा लांबट फुलोरा. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असल्याने नीट न साफ केलेली शेवळे घशाला भयंकर खाजतात. म्हणून आतील पिवळा भाग काढून टाकतात, उरलेला बारीक चिरून भरपूर शिजवतात आणि काकड नावाच्या रानझाडाच्या आंबट फळांचा रस किंवा ती नसल्यास चिंच घालतात. मग सोडे, कोलंबी किंवा खिमा घालून त्याचे दाट कालवण होते. आदिवासी स्त्रिया शेवळांच्या जुड्यांबरोबरच काकडेही विकायला ठेवतात, कारण एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही हे त्या जाणतात. भारंगीची पाने उकळून, कडू पाणी पिळून टाकून मगच वालाबरोबर शिजवतात. आफ्रिकेत कसाव्याच्या पानांतील सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये घालवण्यासाठी ती कुटून दीर्घकाळ उकळतात. अशा कृतींमागे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण आहे आणि ते बहुतांशी स्त्रियांनी जपलेले आहे.

आहारशास्त्राच्या दृष्टीनेही ही जोडी उत्तम आहे. पालेभाज्यांतील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही, परंतु त्याच घासात थोडे मांस किंवा मासळी असली तर त्याचे शोषण वाढते. हिरव्या पानांतील, अ जीवनसत्त्वात रूपांतर होणारे द्रव्य शोषले जाण्यासाठी स्निग्ध पदार्थ लागतो; तो झिंबाब्वेत कुटलेल्या शेंगदाण्यातून, पूर्व आफ्रिकेच्या आणि कोकणच्या किनाऱ्यावर नारळातून मिळतो, तर कर्जतच्या डोंगराळ भागात पूर्वी खुरासणीच्या तेलातून मिळत असे. पूर्ण वाळलेली बारीक मासळी काट्यांसकट खाल्ली जात असल्याने तिच्यातून कॅल्शियमही मिळते, आणि नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, जे तांदळापेक्षा कितीतरी पटींनी अधिक आहे. म्हणून नाचणीची भाकरी, रानभाजी आणि सुकट हे जेवण गरिबीची खूण मानून खाली लेखण्यासारखे नाही. ते पूर्ण आणि विचारपूर्वक घडलेले अन्न आहे.

हे साम्य केवळ योगायोगाचेही नाही. जंजिऱ्याच्या सिद्दींमुळे रायगडचा आफ्रिकेशी असलेला संबंध सर्वांना ठाऊक आहे आणि ते संस्थान १९४८ पर्यंत टिकले. परंतु येथील स्वयंपाकघराचा आफ्रिकेशी असलेला संबंध त्याहून तीन सहस्रकांनी तरी जुना आहे. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या उंच प्रदेशात प्रथम पिकवली गेली. ज्वारी, बाजरी आणि चवळी याही मूळच्या आफ्रिकेच्या. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाच्या सुमारास ही पिके हिंदी महासागराच्या काठाकाठाने भारतात आली, असे पुरावनस्पतिशास्त्रज्ञ, म्हणजे उत्खननांतील जळक्या दाण्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ, मानतात. खुरासणी इथियोपियातील, आणि रायगडची ओळख बनलेल्या वालाचे रानटी पूर्वजही आफ्रिकेत आढळतात. उलट दिशेने केळी, अळू आणि नारळ आशियातून आफ्रिकेत गेले आणि युगांडासारख्या प्रदेशात केळे हेच मुख्य अन्न होऊन बसले. भात निघाल्यावर जमिनीतील उरल्या ओलीवर कर्जतच्या शेतांत वाल पेरला जातो तेव्हा या देवघेवीचाच एक धागा पुढे चालू असतो.

पिकवण्याच्या रीतीतही असेच साम्य आहे, आणि ते मात्र देवघेवीतून आलेले नसून सारख्या जमिनीला दिलेले सारखे उत्तर आहे. बेम्बा लोक झाडांच्या फांद्या छाटून मोकळ्या जागी त्यांचा ढीग रचतात, पावसाच्या आधी तो जाळतात आणि त्या राखेत नाचणी पेरतात. या शेतीला ते चितेमेने म्हणतात. कर्जतच्या शेतकऱ्याचा राब हा याच विचाराचा आहे: फांद्या, पाचोळा, गवत आणि शेण रोपवाटिकेच्या जमिनीवर पसरून उन्हाळ्यात भाजायचे आणि त्या राखेत भाताची किंवा नाचणीची रोपे वाढवायची. मुसळधार पावसाने धुपलेल्या लाल, आम्लधर्मी मातीला राखेतून क्षार आणि पोटॅश मिळते. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत, म्हणजे भाताला अयोग्य अशा हलक्या जमिनीत, ठाकर आणि कातकरी कुटुंबे नाचणी आणि वरी घेत आली. जंगलखात्याने अशा शेतीसाठी दिलेल्या जमिनींना रायगडात दळी जमिनी म्हणतात आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर त्यांच्यावरील हक्काचे दावे दाखल झाले.

दोन्ही प्रदेशांत धान्य संपण्याचे दिवस आणि पाला उगवण्याचे दिवस एकच असतात. रिचर्ड्स यांनी बेम्बांच्या भुकेच्या महिन्यांची नोंद केली आहे. नवे पीक हाती येण्यापूर्वीच्या पावसाळी महिन्यांत कोठार रिकामे होई आणि रानातील पानांवर, अळंब्यांवर व कंदांवर भागवावे लागे. कर्जतमध्येही श्रावण-भाद्रपदात मागील वर्षाचे धान्य सरते, भात अजून शेतातच असतो आणि सावकाराकडून घेतलेली खावटी, म्हणजे खाण्यापुरते उसने धान्य, दामदुपटीने फेडावी लागे. माथेरानला १९१२ मध्ये जन्मलेले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर सहकारी हिराजी पाटलांसह हुतात्मा झालेले स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल यांनी या परिसरात धान्यकोठ्या उभारल्या त्या याच पिळवणुकीवर उपाय म्हणून. पुढे कशेळ्याच्या अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी गावांत धान्यबँका चालवून तोच विचार पुढे नेला: गावाने सुगीत धान्य साठवायचे, गरजूने पावसाळ्यात उचलायचे आणि माफक वाढीसह परत करायचे.

एकत्र साठवण्याची ही वृत्ती एकत्र खाण्यातही दिसते. बांतू गावांत एका वाडग्याभोवती अनेकजण बसतात आणि कालवण किती थोडे आहे हे पाहून प्रत्येकजण आपला घास मोजून घेतो. कर्जत-खालापुरात हिवाळ्यात वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावतात: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी थराथराने भरून, पाण्याचा थेंबही न घालता, ते मडके उपडे करून भोवती जाळ करतात आणि शेतातच सर्वजण मिळून खातात. पाला आणि थोडे मांस ही तीच जोडी, शेंगांसह, येथे उत्सवाचे रूप घेते.

आज या अन्नव्यवस्थेला मोठा धोका आहे. कर्जत आणि खालापूर मुंबई-पुण्याच्या मध्ये असल्याने माळ आणि वरकस जमिनी फार्महाऊस व वसाहतींसाठी कुंपणांत जात आहेत, आणि जिथे टाकळा-कुर्डू कोणाच्याही परवानगीशिवाय खुडता येत होता तिथे आता फाटक आहे. नाचणीचा पेरा घटला आहे, स्वस्त तांदूळ वाढला आहे आणि नव्या पिढीला भाज्यांची नावे व त्यांतील विष घालवण्याची कृती शिकवणाऱ्या स्त्रिया म्हाताऱ्या होत चालल्या आहेत. कृषी विभाग ऑगस्टच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवतो आणि शहरी ग्राहक शेवळांना चांगला भाव देतो, हे स्वागतार्हच आहे. परंतु रानभाजी शहराच्या ताटातील नवलाई बनावी आणि वाडीच्या ताटातून नाहीशी व्हावी, असे होता कामा नये.

म्हणून तीन गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. दळी आणि वनजमिनींवरील प्रलंबित दावे निकाली निघावेत, कारण रानावर हक्क नसेल तर रानभाजीही नाही. आदिवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणाऱ्या, २०१५ पासून चालू असलेल्या अमृत आहार योजनेत आणि अंगणवाडीच्या जेवणात त्या त्या ऋतूतील स्थानिक पाला, नाचणी आणि सुकी मासळी यांना जागा मिळावी. आणि भाज्यांची ओळख व रांधण्याची कृती गावातील जाणत्या स्त्रियांकडून, त्यांना मानधन देऊन, शाळांतील मुलामुलींना शिकवली जावी. कडाव-कशेळ्याच्या चुलीवरील हे कालवण हजारो वर्षांच्या आणि दोन खंडांच्या अनुभवातून घडले आहे. ते टिकवणे ही जितकी संस्कृतीची, तितकीच येथील मुलांच्या आरोग्याची गरज आहे.