काचेचा तंतू करंट कसा मोजतो?

मुलचेऱ्यात ‘फायबर’ म्हटलं की इंटरनेटची केबल आठवते. तसल्याच काचेच्या तंतूने विजेच्या तारेतला करंट मोजतात म्हटल्यावर पहिला गैरसमज ठरलेला: म्हणजे तंतूतून वीज वाहत असणार.

वाहत नाही. काच वीजरोधक आहे, आणि उच्च दाबाच्या कामात तिचं मोल त्यातच आहे. करंटमुळे तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते काचेतल्या ध्रुवित प्रकाशाची कंपनाची पातळी किंचित फिरवतं. मायकेल फॅरेडेने हे 1845 साली शिसं मिसळलेल्या जड काचेत पाहिलं. किंचित म्हणजे किती? चंद्रपूर–पडघे ही ±500 केव्हीची डीसी लाईन 1500 मेगावॅटच्या पूर्ण भाराने चालली, तर एका पोलच्या (ध्रुवाच्या) वाहकातून 1500 अँपिअर वाहतात. त्या वाहकाभोवती साध्या तंतूचा एक वेढा घातला, तर अवरक्त प्रकाशाची पातळी फिरते जेमतेम अंशाच्या दहाव्या भागाएवढी! म्हणून वेढे वाढवतात, आणि बऱ्याच उपकरणांत कोनाऐवजी दोन प्रकाशलहरींमधलं कलांतर मोजतात.

वायरमनची शंका वेगळी असते: शेजारच्या तारेचा करंट यात मिसळत नाही का? वेढा पूर्ण बंद असेल तर नाही. बाहेरच्या तारेचं क्षेत्र एका बाजूला पातळी जेवढी फिरवतं, तेवढीच उरलेल्या वेढ्यात उलटी फिरवतं; बेरीज शून्य. पृथ्वीच्या चुंबकत्वाचंही तेच. तार वेढ्याच्या मधोमध असो की कडेला टेकलेली, आकडा तोच येतो. तंतू सरळ ठेवला, तर मात्र तो त्या जागचं चुंबकीय क्षेत्र दाखवतो, मग ते कुठूनही आलेलं असो.

‘मग करंट मोजणारे जुने सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) भंगारात?’ मुळीच नाही. सीटी हा ट्रान्सफॉर्मरच, त्यामुळे स्थिर डीसी त्याला कळत नाही, आणि शॉर्टसर्किटच्या प्रचंड करंटला त्याचा लोखंडी गाभा संपृक्त होऊ शकतो. डीसी स्टेशनं, अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यांतले लाखो अँपिअर, ही तंतूची खरी जागा. 11 केव्हीच्या फीडरला सीटी स्वस्त आणि पुरेसा. काच म्हणजे बिनचूक, असंही नाही. तापमान, हादरे आणि तंतूला पडलेला बाक मोजमाप बिघडवतात.

आपल्या जंगलपट्ट्यातला एक भाबडा समज राहिला: असे सेन्सर बसवले की रानडुकरं मारायला लाईनवर आकडा टाकून तारेचा फास लावणारे आपोआप सापडतील. जनावर तारेला लागेपर्यंत त्या फासातून करंट जवळजवळ वाहतच नाही, मग मोजणार काय? लागल्यावरही कोरड्या जमिनीतून जाणारा करंट इतका थोडा असू शकतो, की फीडरच्या नेहमीच्या भारात तो वेगळा ओळखू येत नाही. तिथे माणसाचेच डोळे हवेत. आकडा दिसला तर हात लावू नका, जवळ जाऊ नका. महावितरणला 1912 वर कळवा.