हात अपुरा, पण तपासणी पुरी

सोलापूरच्या नव्या पेठेत तुम्ही बाजाराला गेला असाल. आसपासच्या गावची माणसे कापडचोपड घ्यायला तिथे येतात. समजा, तिथल्या एका दुकानात गल्ल्यावर एक तात्या बसले आहेत. वय साठीच्या पुढे. उजवा हात जन्मापासून कोपरापर्यंतच आहे. डाव्या हाताने ते पैसे मोजतात, हिशोब लिहितात. त्यांचे काही अडत नाही.

आपण विचारले, "तात्या, तब्येत कशी आहे?" तर ते म्हणतील, "मला काय धाड भरलीय? हात जन्मापासून असा आहे. बाकी ठणठणीत!"

या 'बाकी'बद्दलच आज आम्ही सांगणार आहोत.

हात किंवा पाय जन्मापासून अपुरा का असतो? "आईने ग्रहणात विळी धरली," असे जुनी माणसे म्हणत. ते खरे नाही. मूल पोटात असते तेव्हा पहिल्या काही आठवड्यांतच हातपाय घडतात. तेव्हा वाढीत अडथळा आला तर ते अपुरे राहतात. पुष्कळदा कारण कळत नाही. एकदा मात्र कळले. 1957 साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी विकायला आली. उलट्या थांबाव्यात म्हणून गरोदर बायकाही ती घेत. पुढे ती अनेक देशांत गेली. सुमारे 10,000 मुले आखूड हातापायांची जन्मली. 1961 साली जर्मनीत ती बाजारातून काढून घेतली. दोष आयांचा नव्हता. गोळीचा होता.

ती मुले आता साठीला आली. जर्मनी आणि जपानमधले डॉक्टर त्यांना तपासतात. तेव्हा कुणाचा रक्तदाब वाढलेला दिसला, कुणाच्या रक्तात साखर, तर कुणाच्या यकृतात चरबी.

असे का होते? आपण भाकरी खातो. पोटात तिची साखर होते आणि रक्तात जाते. अंगातले स्नायू ती जाळतात, जशी चूल लाकूड जाळते. हात किंवा पाय अपुरा असला की स्नायू कमी. हालचाल कमी झाली की ते आणखी झिजतात. उतारवयात तर सगळ्यांचेच झिजतात. चूल लहान झाली, लाकूड मात्र तेवढेच राहिले. मग साखर रक्तात उरते आणि चरबी पोटावर चढते. दुखत काहीच नाही. म्हणून कळतही नाही.

तपासायला जावे, तर तिथेही फसगत होते. ती अशी:

वजनाचा काटा फसवतो. एक पूर्ण हात म्हणजे अंगाच्या वजनाचा सुमारे विसावा भाग. एक पूर्ण पाय म्हणजे सुमारे सहावा भाग. तो भागच नसेल तर काटा कमी दाखवतो आणि माणूस म्हणतो, "मी तर सडपातळ!" म्हणून कंबरेचा घेर मोजावा. पुरुषाचा 90 सेंटिमीटरच्या आत, बाईचा 80 च्या आत असावा.

रक्तदाबाचा पट्टा नीट बसत नाही. एक हात चांगला असेल तर त्यावरच मोजावा. दोन्ही हात आखूड असतील तर आडवे झोपवून मांडीवर किंवा पोटरीवर मोजता येतो. पट्टा मात्र त्या मापाचा हवा. पायाचा आकडा सहसा हातापेक्षा जास्त येतो. म्हणून कुठे मोजला ते कागदावर लिहून घ्यावे. हातावर 140/90 किंवा त्याहून जास्त वारंवार येत असेल तर उपचार हवा.

बोट नसेल तर रक्त कानाच्या पाळीतून घेता येते. पायाच्या शिरेतूनही घेता येते. उपाशीपोटी साखर 100 च्या आत चांगली. 126 किंवा त्याहून जास्त आली तर पुन्हा तपासून खात्री करतात. तो मधुमेह असतो.

काही जण पायानेच लिहितात, पायानेच जेवतात. त्यांचे पाय हेच हात. मधुमेहाने पाय बधिर होतात, जखमा चिघळतात. म्हणून त्यांनी साखरेला फार जपावे. पाय रोज नीट पाहावेत.

तिशीनंतर ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते. सोलापुरात सिव्हिल दवाखाना आहे. कुणी म्हणाले, "तुमचं मोजता येत नाही," तर परत फिरू नका. दुसरी जागा सांगा. 2016 च्या कायद्याप्रमाणे अपंग माणसाला दवाखान्यात आधी पाहायला हवे.

घरी काय करावे? ज्वारीची भाकरी खावी, पण बेताने. पालेभाजी आणि डाळ जास्त. चहात साखर कमी. पापड-लोणचे कमी, कारण त्यात मीठ फार. तंबाखू सोडावी. रोज चालावे. चालता येत नसेल तर बसल्या जागी जे अंग हलते ते हलवावे.

तुमच्या गावातही असे एखादे तात्या किंवा काकू असतील. त्यांना हे वाचून दाखवा. पुढच्या तपासणीला त्यांच्यासोबत जा.