कॅमेरा हाती आला, नजर कुणाची?

दरवर्षी 20 मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर हजारो मोबाईल उंचावतात. बाबासाहेबांचा पुतळा, पुढे आपण, मागे पाणी. फोटो तोच, फक्त चेहरे बदलतात. अभिवादनाचा हा फोटो जरूर काढावा. पण ज्या तरुणाला छायाचित्रकार व्हायचे आहे, त्याने तेवढ्यावर थांबून कसे चालेल?

महाड-पोलादपूरकडे बाहेरचे कॅमेरे वळतात ते दोनच प्रसंगी. एक क्रांतिदिनाला, दुसरे संकटात. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला, तेव्हा ते आले. जुलै 2021 मध्ये महाडच्या तळियेवर, पोलादपूरच्या केवनाळेवर दरड कोसळली, तेव्हा आले आणि निघून गेले. म्हणून आपल्या माणसांची दोनच चित्रे जगासमोर राहतात : घोषणा देणारा जमाव आणि आक्रोश करणारी बाई. उरलेले वर्ष कुणी टिपायचे?

प्रेरणा कुठून आणायची, असे तरुण विचारतात. अकोल्याच्या सुधारक ओलवे यांच्याकडे पाहा. मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार असताना त्यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे टिपले. गटारात उतरलेला माणूस दाखवला, तसे त्याचे घर आणि त्याची बायकापोरेही दाखवली. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांची शैली पुरस्काराने घडली नाही. त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जाण्याने घडली.

अमेरिकेतले कृष्णवर्णीय छायाचित्रकार गॉर्डन पार्क्स रेल्वेत वेटर होते. स्थलांतरित मजुरांची छायाचित्रे मासिकात पाहून त्यांनी जुना कॅमेरा विकत घेतला. 1942 साली वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन यांना त्यांनी राष्ट्रध्वजासमोर झाडू घेऊन उभे केले. त्या एका छायाचित्राने सगळ्या देशाच्या लोकशाहीला जाब विचारला. पार्क्स तिथे थांबले नाहीत. त्या बाईंच्या घरी, प्रार्थनेच्या ठिकाणीही गेले.

दोघांची शैली महागड्या कॅमेऱ्यातून आलेली नाही. आपण कुणाच्या बाजूने उभे राहायचे, हे ठरले तेव्हा ती आली.

मग आपल्या पोरांनी काय करावे? एकच विषय घ्यावा आणि वर्षभर सोडू नये. महाडच्या मातीत तो विषय शोधायला लांब जायला नको. 1927 चा लढा पाण्याचा होता. आजही जुलैत इथे नद्या पात्र सोडतात आणि एप्रिल-मेमध्ये डोंगरातल्या वाड्या टँकरची वाट पाहतात. आपल्या वाडीत पाणी कोण भरते, किती लांबून आणते, रांगेत कोण शेवटी उभे असते, हे टिपावे. हंडा उचलणाऱ्या आईचा फोटो उंचावरून काढू नये. तिच्या डोळ्यांच्या पातळीवर यावे. आधी तिला विचारावे आणि काढलेला फोटो तिला दाखवावा. दुपारच्या उन्हात पांढऱ्या साडीमुळे कॅमेरा फसतो आणि सावळा चेहरा काळवंडतो. म्हणून मोबाईलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवून प्रकाश चेहऱ्यासाठी ठरवावा. साडीची घडी दिसली नाही तरी चालेल, माणूस दिसला पाहिजे.

20 मार्च 2027 हा चवदार तळे सत्याग्रहाचा शंभरावा वर्धापनदिन. त्या दिवशी बाहेरचे कॅमेरे पुन्हा येतील. तेव्हा आपल्या वाडीचे, आपल्या नजरेने टिपलेले शंभर फोटो आपल्याजवळ हवेत. आपले चित्र दुसऱ्याने काढावे म्हणून आपण किती दिवस उभे राहणार?