उपाहारगृहांतील ‘आजचा खास पदार्थ’

‘आज’ हा शब्द संस्कृत ‘अद्य’ ह्यावरून, प्राकृतांतील ‘अज्ज’ ह्या रूपाच्या द्वारें, आपल्या भाषेंत आला. ज्या दिवशीं तो उच्चारावा त्या दिवसापुरताच त्याचा अर्थ. परंतु पुण्यामुंबईच्या कित्येक उपाहारगृहांत ‘आजचा खास पदार्थ’ हीं अक्षरें व त्यांखालचीं नांवें तेलरंगानें रंगवून ठेविलेलीं आम्ही पाहतों. जें वर्षभर पुसावयाचें नाहीं, त्यास ‘आज’ कसें म्हणावें?

खडूनें लिहिलेल्या फळ्याची गोष्ट वेगळी. तो मंडईची फेरी झाल्यावर लिहिला जातो. पहाटे जी भाजी ताजी व स्वस्त मिळाली, तीच मोठ्या पातेल्यांत शिजते. एकच पदार्थ बहुतांसाठीं केल्यामुळें जळण वांचतें, नासाडी टळते व ताटाची किंमत आवांक्यांत राहते. फ्रान्समधील ‘प्ला द्यू जूर’, म्हणजे दिवसाचा पदार्थ, ह्याच हिशेबानें चालतो. पातेलें रिकामें होतांच नांवापुढें ‘संपलें’ असें लिहिणारा मालक आम्हांस फार आवडतो. ऋतूप्रमाणें आहार पालटावा हें चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, सहाव्या अध्यायांत, विस्तारानें सांगितलें आहे. असा मालक तें न वाचतांच आचरितो.

आपल्याकडे ह्यांत पंचांगाचीही भर पडते. आषाढ शुद्ध नवमीस, म्हणजे कांदेनवमीस, फळ्यावर कांद्याचीं भजीं असावीं. दोनच दिवसांनीं साबुदाण्याची खिचडी व वऱ्याचे तांदूळ. श्रावणांत अळूची भाजी, चंपाषष्ठीस वांग्याचें भरीत, भोगीस तीळ लावलेली बाजरीची भाकरी व लेकुरवाळी भाजी. ज्याच्या घरीं आतां सांगणारें कोणी उरलें नाहीं अशा वृद्धास, किंवा गांव सोडून शिकावयास आलेल्या मुलास, आज कोणता सण आहे हें पुष्कळदां ह्या फळ्यावरूनच कळतें. त्या दोघांचें ताट रोज तेथेंच मांडलें जात असतें.

उरलेल्या अन्नाविषयीं आमचा कटाक्ष नाहीं. विटलेला नसला म्हणजे रात्रींच्या भाताचा फोडणीचा भात घरोघर होतो व आवडीनें खाल्ला जातो. मात्र फळ्यावरही ‘फोडणीचा भात’ असेंच लिहावें. त्यास ‘आजचा खास मसालेभात’ म्हणून चढा दर लावणें ही शुद्ध लबाडी होय.

वाचकांनीं वाढप्यास एवढेंच विचारावें, ‘काय हो, हें आज सकाळीं केलेलें आहे ना?’ उत्तर देण्यापूर्वीं तो गल्ल्याकडे पाहूं लागला, तर साधी पोळीभाजी मागवावी.