शेवटच्या मिनिटाचा गोल

मंडळी, फुटबॉल हा पायाने चेंडू खेळायचा खेळ. दोन संघ असतात. एका संघात 11 गडी. मैदानाच्या दोन्ही टोकांना खांबांची चौकट असते, तिला मागून जाळी लावलेली असते. समोरच्या संघाच्या चौकटीत चेंडू गेला की गोल झाला. खेळ 90 मिनिटे चालतो. मध्ये जो वेळ वाया जातो, तो शेवटी भरून देतात.

पुढे राहून गोल करणाऱ्या गड्याला स्ट्रायकर म्हणतात. त्याचे काम दिसायला सोपे, पण तसे नाही बरं का! साऱ्या खेळात त्याला दोन-तीनच संध्या मिळतात. बाकीचा वेळ नुसते धावायचे आणि वाट पाहायची. जरा गाफील राहिला की संधी गेलीच.

आयर्लंड हा इंग्लंडच्या पश्चिमेला असलेला लहानसा देश. तिथल्या डब्लिन शहरात 1980 साली रॉबी कीनचा जन्म झाला. वयाच्या 17 व्या वर्षी तो इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन संघाकडून पहिला सामना खेळला. त्यात त्याने दोन गोल केले. पुढच्याच वर्षी त्याला देशाच्या संघात घेतले.

2000 साली इटलीच्या इंटर मिलान या मोठ्या संघाने त्याला विकत घेतले. पण काही महिन्यांतच इंग्लंडला परत धाडले. पोराने हाय खाल्ली नाही. तो खेळतच राहिला.

2002 साली जपान आणि दक्षिण कोरियात विश्वचषकाचे सामने झाले. 5 जूनला आयर्लंडची गाठ बलाढ्य जर्मनीशी पडली. जर्मनीने आधीच एक गोल केला होता. 90 मिनिटे संपली. आता काय उरले? पण मागून फिननने लांब, उंच चेंडू टाकला. उंचापुऱ्या क्विनने तो डोक्याने खाली दिला. कीन धावतच होता. त्याने चेंडू जाळीत मारला! सामना बरोबरीत सुटला. गोल एकाच्या नावावर लागला, पण राबले तिघे.

पुढे स्पेनशी सामना झाला. तिथेही 90 व्या मिनिटाला कीननेच बरोबरी साधली. मात्र शेवटी पेनल्टीच्या फटक्यांत आयर्लंड हरला. चांगले खेळूनही हार येते, ती सोसावी लागते.

लहानपणी कीनचा आवडता संघ लिव्हरपूल. 2008 साली त्या संघाने त्याला घेतले. त्याचे स्वप्न पुरे झाले म्हणा ना! पण सहा-सात महिन्यांतच त्याला विकून टाकले. कीन पुन्हा आपल्या जुन्या टॉटनहॅम संघात गेला आणि कामाला लागला. पुढे अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या संघाबरोबर त्याने 2011, 2012 आणि 2014 साली अजिंक्यपद मिळवले.

देशासाठी तो 2016 पर्यंत खेळला. 146 सामने आणि 68 गोल! त्याच्या आधीचा आयर्लंडचा विक्रम 21 गोलांचा होता. तो कोणाचा? डोक्याने चेंडू देणाऱ्या त्याच क्विनचा! 2017 साली कीन आपल्या देशात आला आणि कोलकात्याच्या संघातही खेळला.

कधी मुले फुटबॉल खेळताना दिसली, तर थोडे थांबा. पुढच्या गड्याकडे पाहा. चेंडू जवळ नसतानाही तो धावतो का, तेवढे बघा. चांगला स्ट्रायकर तिथेच ओळखू येतो.