विमान वरून जाईल!

भिंतीवरच्या जगाच्या नकाशात आपलं बंगळूर शोधा. मग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं सॅन फ्रान्सिस्को शोधा. सांगा बघू, विमान कुठून जाईल?

सहावीच्या वर्गात मी हाच प्रश्न विचारला होता. सगळ्यांनी पट्टी लावली. अरबी समुद्र, सहारा वाळवंट, अटलांटिक महासागर, पोचलो अमेरिकेत! एकच मुलगा म्हणाला, "बाई, ते वरून जाईल. उत्तर ध्रुवाकडून." सगळा वर्ग खो खो हसला. मीसुद्धा म्हटलं, "अरे, नकाशा तरी नीट बघ!"

मधल्या सुट्टीत तो कपाटातला पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा घेऊन माझ्यासमोर उभा! दोन शहरांवर दोऱ्याची टोकं धरली, दोरा सहारावरून नेला आणि ताणला. तो सटकला, सरसर वर सरकला आणि ध्रुवावरच्या खिळ्याला जाऊन अडकला. उरलेला दोरा त्याच्या हातात लोंबत होता. काय बोलणार? दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, "तुझं बरोबर होतं. माझं चुकलं."

गोल पृथ्वी सपाट कागदावर बसवायची तर ती कुठेतरी ताणावी लागतेच. आपल्या भिंतीवरच्या नकाशात ध्रुवांकडचा भाग सर्वांत जास्त ताणलेला असतो. ध्रुवाजवळची चिमुकली जागा नकाशाच्या अख्ख्या रुंदीभर पसरते.

हिशोब तुम्हीही करू शकता. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. बंगळूर १३ अंशांवर, म्हणजे तिथून ध्रुव ७७ अंश दूर. सॅन फ्रान्सिस्को साडेसदतीस अंशांवर, तिथून ध्रुव साडेबावन्न. बेरीज करून १११ ने गुणा. सुमारे १४,४०० किलोमीटर! तो खिळा नसता, तर दोरा आणखी पलीकडे, सायबेरियावर सरकला असता आणि अंतर १४,००० वर आलं असतं. पट्टीची वाट मात्र २०,००० च्याही वर जाते.

आणि हे नुसतं कागदावरचं गणित नाही बरं का. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं एक विमान सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला खरोखरच उत्तर ध्रुवावरून आलं. कॅप्टन होत्या झोया अगरवाल, आणि विमान चालवणाऱ्या चौघीही महिलाच!

पण जवळची वाट लवकर पोचवतेच असं नाही हं. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जाई. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर हजाराहून जास्त किलोमीटरांनी वाढलं. पण वारा पाठीशी! साडेचौदा तासांत विमान पोचलं, पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर.

आता एक कोडं. ध्रुवावरून आलेलं ते विमान ९ जानेवारीला रात्री साडेआठच्या सुमारास निघालं आणि ११ जानेवारीला पहाटे तीन वाजून गेल्यावर उतरलं. प्रवास मात्र सुमारे १७ तासांचाच. मग अख्खी १० तारीख गेली कुठे? हिवाळ्यात आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेतेरा तास पुढे असतं. घ्या कागद-पेन्सिल!